उचल फिटली का?

परदेशातून सेवेसाठी तरुण पाठवणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना गेवराईहून खुले पत्र



मार्च-एप्रिलात साखर कारखान्यांचा पट्टा पडतो आणि गेवराई तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांकडे ऊसतोड मजुरांना घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या परतू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीचे सामान, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसे. कुणी कोल्हापूर-सांगलीकडून आलेले असते, कुणी सोलापूरकडून, कुणी थेट कर्नाटकातून. पाच-सहा महिन्यांचा परमुलखातला मुक्काम संपलेला असतो. घरी येऊन अंग टेकले की दोन-चार दिवसांत मुकादमाच्या ओट्यावर बैठक बसते. दसऱ्याआधी किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती, जोडप्याच्या कोयत्याने किती टन तोडला, आजारपणाचे खाडे किती पडले, किराण्याला किती गेले. शेवटी प्रश्न एकच उरतो: उचल फिटली, की बाकी अंगावर राहिली?

हा व्यवहार कडवट आहे, पिळवणुकीचा आहे, त्याचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण घरापासून लांब काढलेल्या दिवसांचा शेवट हिशेबाने होतो, एवढे त्यामुळे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

आपण पाठवलेल्या तरुण-तरुणींचा मुक्काम मराठवाड्यात संपतो तो मात्र वेगळ्याच थाटात. शाल, श्रीफळ, हार, डोक्यावरून घसरणारा फेटा, मुलींनी हातावर काढलेली मेंदी, संस्थेच्या अध्यक्षांचे लांबलेले भाषण, मग पाहुण्याचे मोडक्यातोडक्या मराठीतले चार शब्द आणि त्यावर उसळलेल्या टाळ्या. गावाला निरोप समारंभ आवडतात, ते मनापासून केले जातात, त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. मग विमान सुटते. मायदेशी गेल्यावर आपल्या मंडळीपुढे सांगण्यासाठी एक निवेदन लिहिले जाते. त्याचा सूर साधारण ठरलेला: द्यायला गेलो होतो, घेऊनच जास्त आलो, गरिबीतही माणसे हसतात, देव तिथेही भेटला. हे सगळे प्रामाणिक असेल. पण हिशेबाच्या वहीतले ते एकच पान झाले. दुसऱ्या पानावर गावाच्या बाजूने काय लिहायचे, हे कुणी विचारत नाही.

म्हणून हे पत्र त्या मुलांना नाही. त्यांतली बरीच एकोणीस-वीस वर्षांची असतात. त्यांच्याकडून जास्तीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पत्र आहे ते त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांना, धर्मप्रांतांना, मिशन बोर्डांना आणि धर्मसंघांना. मुक्काम कसा सुरू करायचा याची आपल्याकडे दोनशे वर्षांची शिस्त आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईच्या किनाऱ्याला लागले, तेव्हापासून आपण हे करत आला आहात. मुक्काम कसा संपवावा, याचे उत्तम नमुनेही आपल्याच दप्तरात पडून आहेत. ते आजच्या मुलांना दाखवले जात नाहीत, ही तक्रार आहे.

जस्टिन अॅबट यांचे नाव आपल्या किती स्वयंसेवकांना माहीत असेल? हे अमेरिकन मराठी मिशनचेच माणूस. १८८१ मध्ये आले, जवळपास तीन दशके पश्चिम भारतात काम केले आणि १९१० मध्ये निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्या समिट या गावी परतले. इथवरची हकीकत कुठल्याही मिशनऱ्याची असू शकते. खरे काम पुढे आहे. घरी परतलेल्या या पाद्र्याने उरलेले आयुष्य मराठी संतांची चरित्रे आणि वाणी इंग्रजीत नेण्यात घालवले. १९२६ पासून एकेक पुस्तक येत गेले: भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. महिपतीच्या ‘भक्तविजया’चे काम त्यांनी नरहर गोडबोले यांच्या जोडीने केले. १९३२ मध्ये ते वारले तेव्हाही मालिकेतली काही पुस्तके छपाईच्या वाटेवर होती.

ही नावे गेवराईत बसून वाचली की नकाशाच समोर येतो. गोदावरीच्या पलीकडे पैठण, तिथले एकनाथ आणि त्यांचे पणजोबा भानुदास. याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, तिथले दासोपंत, ज्यांची कापडावर लिहिलेली भली लांब पासोडी अजून तिथे जपून ठेवलेली आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातले जांब, तिथले रामदास. म्हणजे मराठी मुलखाला बायबल द्यायला आलेला माणूस परत गेला आणि त्याने गोदाकाठचे शहाणपण आपल्या माणसांपुढे नेऊन ठेवले. त्याने धर्म बदलला नाही, ख्रिस्तावरची श्रद्धा लपवली नाही. पण जिथे तीस वर्षे राहिलो त्या लोकांकडे स्वतःचे असे काय आहे, हे घरच्यांना सांगण्याची जबाबदारी त्याने आपली मानली. आजच्या एखाद्या स्वयंसेवकाने परत जाऊन आपल्या चर्चमध्ये पंधरा मिनिटे एकनाथांबद्दल बोलावे, एवढीशी अपेक्षाही आता जास्त वाटते. आणि ती जास्त वाटावी, हेच खटकते.

उलट दिशेचेही उदाहरण आहे, आणि ते अॅबटांच्या आधीचे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाने राहिल्या, तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे फिरल्या. परतल्यावर लगेच, १८८९ मध्ये, त्यांनी दोन कामे केली. मुंबईत शारदा सदन काढले आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक छापले.

ते पुस्तक आपल्या स्वयंसेवकांच्या निवेदनाशेजारी ठेवून बघावे. त्यात रमाबाई फारशा नाहीत. अमेरिकेचे राज्य कसे चालते, शाळा कशा आहेत, घरे कशी आहेत, बायकांनी संस्था कशा उभारल्या, हे आहे. गोऱ्यांनी काळ्यांना आणि तिथल्या मूळच्या रहिवाशांना कसे वागवले, तेही आहे. ज्यांनी पैसे दिले, व्याख्याने ठेवली, शारदा सदनासाठी बोस्टनमध्ये मंडळ स्थापले, त्यांच्याच देशाचे दोष रमाबाईंनी मराठी वाचकांपुढे ठेवले. यजमानांचे मीठ खाल्ले म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत आणि दोष दिसले म्हणून यजमानांना मोडीतही काढले नाही. परमुलखातल्या मुक्कामाचा अहवाल कसा असावा, याचा याहून चांगला मराठी दाखला शोधून सापडायचा नाही. ‘मला काय वाटले’ हे त्यात शेवटच्या बाकावर बसलेले आहे.

आता जामखेड. गेवराईहून बीडमार्गे गेले की जिल्ह्याची हद्द ओलांडताच हा तालुका लागतो. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण जामखेड म्हटल्यावर जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर आजही आरोळे दांपत्यच येते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षे काढली. तिथे त्यांना कळून चुकले की दारात येणारे बहुतेक आजार टळण्याजोगे आहेत आणि बरा करून पाठवलेला रोगी पुन्हा तोच आजार घेऊन येतो. पुढे ते अमेरिकेला गेले, शस्त्रक्रिया आणि वैद्यकाचे पुढचे शिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे राहायची सोय होती. १९७० मध्ये परत आले आणि त्यांनी निवडले जामखेड, जे त्या वेळी दुष्काळासाठी प्रसिद्ध होते. दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला.

आरोळ्यांनी जे केले ते आता पाठ्यपुस्तकांत आहे. गावाने निवडलेली बाई, बहुधा दलित किंवा गरीब घरची, बऱ्याचदा निरक्षर. तिला आठवड्याच्या आठवड्याला शिकवायचे, बाळंतपण, जुलाब, पाणी, आहार. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आहे. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये.

पण या पत्राच्या दृष्टीने महत्त्वाचे दुसरेच आहे. जामखेडला परदेशी विद्यार्थी दरवर्षी येतात. १९९४ मध्ये तिथे रीतसर प्रशिक्षण संस्थाच झाली. आलेल्या पाहुण्यांना शिकवायला उभ्या राहतात त्या याच गावातल्या आरोग्यसेविका. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजातला मुलगा खाली बसतो आणि चौथीही न शिकलेली बाई त्याला सांगते, मूल अडले तर आधी काय बघायचे. मुक्ताबाई पोळ यांच्यासारख्या बाईने तर वॉशिंग्टनमधल्या परिषदेत जाऊन भाषण केले. इथे नाते पहिल्याच दिवशी सरळ होते: पाहुणा शिकायला आलेला आहे. त्यामुळे निघतानाचा प्रश्नही सोपा असतो. जे शिकलो ते आता कुठे वापरणार?

आपल्या बहुतेक कार्यक्रमांत हे नाते उलटे मांडले जाते. बारावी होऊन आलेली मुलगी वसतिगृहात इंग्रजी ‘शिकवते’. ज्या शाळेत बी.एड. झालेले गुरुजी आहेत, तिथे तिला फळ्यापुढे उभे करतात, कारण ती गोरी आहे. हे आमच्याकडचेच लोक करतात, त्याचा दोष एकट्या आपल्या माथी मारता यायचा नाही. पण परवानगी आपली असते.

निरोपाची सगळ्यात वादळी कहाणी मनमाडची आहे. विसेंते फेरर, बार्सिलोनाचे जेझुइट, १९५२ मध्ये भारतात आले आणि मनमाडच्या परिसरात त्यांनी विहिरींचे काम हाती घेतले. शेतकऱ्याने विहीर खणायची, त्यांनी गहू आणि तेल द्यायचे. कोरडवाहू माणसाच्या दारी पाणी आले की सावकाराचा आणि पुढाऱ्याचा दोघांचाही धंदा बसतो. वर परधर्माचा परका माणूस. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. त्यावर हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईच्या वाटेला लागले. इंदिरा गांधींनी मधला मार्ग काढला: फेररनी काही दिवस बाहेर जावे, नंतर परत यावे. ते परत आले १९६९ मध्ये, पण महाराष्ट्रात नव्हे, आंध्रातल्या अनंतपूरला. पुढे जेझुइट संघ सोडला, अॅन पेरी यांच्याशी लग्न केले, आणि २००९ मध्ये अनंतपुरातच देह ठेवला.

फेररांची गोष्ट वीरगाथा म्हणून सांगायची पद्धत आहे. तिच्यातला दुसरा धडा कमी सांगितला जातो. एका माणसाभोवती एवढे काम गुंफले गेले होते, की तो निघाला तेव्हा मोर्चा त्याच्यासाठी निघाला. अनंतपूरला त्यांनी उभी केलेली संस्था त्यांच्यानंतरही चालू राहिली; मनमाडच्या वाट्याला त्यांच्या आठवणी आल्या. ज्या राज्याने त्यांना घालवले त्याची ही नामुष्की आहे, यात शंका नाही. तरी मुक्काम अवेळी संपू शकतो, व्हिसा एका सहीने जाऊ शकतो, हे पहिल्या दिवसापासून धरून काम बांधावे लागते, एवढे मनमाडने शिकवलेच.

ते शिकलेला दुसरा जेझुइट म्हणजे हेर्मान बाखर, गावोगावचे ‘बाखर बाबा’. स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये आले, चोवीस वर्षांचे होते. नगर जिल्ह्यातल्या डोंगराळ, कोरड्या गावांत पाणलोटाचे काम त्यांनी रुजवले. त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था झाली. त्या कार्यक्रमाची अट मोठी शहाणी होती. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, गावाची समिती बसवायची, मग पैसा. म्हणजे परका माणूस उद्या नसला तरी बांध कुणाचा, हा वाद राहू नये. साठेक वर्षांच्या मुक्कामानंतर उतारवयात बाखर बाबा स्वित्झर्लंडला परतले आणि २०२१ मध्ये तिथेच, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन वारले. इथे त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही. निघण्याची गरजच उरली नव्हती. पाणलोट समित्या होत्या, संस्था होती, प्रशिक्षण चालू होते. मनमाडपेक्षा हा निरोप मोठा आहे, असे या पत्राचे स्पष्ट मत आहे, मग तो बातमीला कितीही फिका असो.

मिरजेचे मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांचेही तसेच. १८९४ मध्ये दवाखाना उभारला, शिकाऊ डॉक्टर घडवले, १९२८ मध्ये परत गेले. मिरज ही दवाखान्यांची नगरी म्हणून पुढे वाढतच राहिली आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव चिकटून राहिले ते राहिलेच.

आपण म्हणाल, ही सगळी आयुष्य घालवलेली माणसे, आमची मुले येतात सहा महिन्यांसाठी, कधी चार आठवड्यांसाठी. त्यांना या मापाने कसे मोजणार? बरोबर आहे. मापच धाकटे घ्या. पण काही गोष्टी चार आठवड्यांतही चुकू नयेत.

पहिली म्हणजे कॅलेंडर. युरोपातले शालेय वर्ष जून-जुलैत संपते, म्हणून आपली मुले ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. गणपती-नवरात्रात ती इथे पोहोचतात, सगळे रंगीत दिसते, घरे भरलेली असतात. दसरा-दिवाळीच्या आसपास गावे रिकामी होऊ लागतात. बीड हा ऊसतोड मजुरांचा सगळ्यात मोठा जिल्हा आहे. आईबाप तोडीला जातात, मुले आजीजवळ राहतात किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात. अशा वसतिगृहात आपल्या मुलीची नेमणूक झाली तर तिच्यापुढे असते ते पाच-सहा महिने आईबापांपासून तुटलेले मूल. ते तिला बिलगते, ‘ताई ताई’ करत मागे फिरते. तिला वाटते, आपण प्रेम देतो आहोत. मग तिचा करार संपतो आणि त्या मुलाच्या आयुष्यातून त्या वर्षातले दुसरे माणूस निघून जाते.

हे लिहिताना कुणा मुलीच्या भावनेवर शंका घ्यायची नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या कार्यक्रमांवर जी चिंता व्यक्त केली, तिच्या मुळाशी हेच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची रांग मुलांसाठी चांगली नसते. आपली मुले पाठवायचीच असतील तर मुलांच्या खोलीत नको. स्वयंपाकघरात, हिशेबात, शेतात, दवाखान्याच्या नोंदवहीपाशी पाठवा. तिथला निरोप कुणाला रडवत नाही.

दुसरी गोष्ट फोटोंची. परतल्यावर आपल्या सभागृहात जो पडदा लागतो त्यावर वसतिगृहातल्या मुलांचे चेहरे, नावे, त्यांच्या बापाच्या दारूची कहाणी, असे सगळे येते. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातले कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करते. कायदा बाजूला ठेवू. आपल्या गावातल्या मुलाचा असा फोटो गेवराईच्या तहसीलसमोर फ्लेक्सवर लागलेला आपल्याला चालेल का?

तिसरी गोष्ट जरा अवघड, पण तिच्याभोवती घुटमळण्यात अर्थ नाही: धर्म. गोरा ख्रिस्ती तरुण गावात आला की धर्मांतराची कुजबुज होते. ती कधी राजकारणासाठी मुद्दाम पसरवली जाते, कधी खरोखरीच्या धास्तीतून येते. कायद्याने सोय स्वच्छ आहे. धर्मकार्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा असतो. संस्थेत बिनपगारी दीर्घ काम करायचे तर रोजगार व्हिसा. ई-टूरिस्ट व्हिसावर फार तर महिनाभराचे विनामोबदला काम. मुक्काम १८० दिवसांपुढचा असेल तर पोहोचल्यावर चौदा दिवसांत नोंदणी. यजमानाने पाहुण्याची खबर चोवीस तासांत द्यायची. सहलीच्या व्हिसावर येऊन प्रार्थनासभा घेणारा एक उत्साही मुलगा स्वतः विमानात बसून निघून जातो. त्यानंतर ठाण्यात बसावे लागते ते इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला. मराठवाड्यात ख्रिस्ती माणूस परका नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले; तिथल्या पिढ्या इथल्याच मातीत वाढल्या. आपल्या पाहुण्याच्या हौसेची किंमत त्यांनी का मोजावी?

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच निवेदनात दिसत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, पाळीचे दुखणे अंगावर काढायचे, आणि खासगी दवाखान्याने पिशवी काढून टाकायचा सल्ला द्यायचा. हे सगळे ज्या गावांत घडत होते, तिथूनच परतलेल्या पाहुण्यांनी ‘गरिबीतही हसणाऱ्या बायका’ पाहिल्या. बायका हसतात, खरे आहे. पाहुण्यासमोर कोण रडते? जामखेडच्या आरोग्यसेविकेपुढे रडतात, कारण ती उद्याही तिथेच असणार आहे. चार आठवड्यांच्या माणसाने हे समजून घ्यायचे तर त्याला बोलण्यापेक्षा ऐकायची, आणि ऐकायला आधी थोडी तरी मराठी यायची सोय करावी लागेल. दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांना लोकांपुढे बोलायचे तर आधी मराठी शिकावी लागे. आज अनुवादाचे अॅप आहे म्हणून ती अट सुटली, हे काही प्रगतीचे लक्षण नाही.

मग आपण करायचे काय? मुक्कामाचा शेवटचा महिना निरोप समारंभासाठी नव्हे, काम हस्तांतरित करण्यासाठी ठेवा. जे काम हस्तांतरित करता येत नाही ते मुळात हाती घेऊ नका. निवेदन दोन लिहायला सांगा: एक आपल्या मंडळीसाठी आणि एक यजमान संस्थेसाठी, मराठीत, आणि त्यावर गावाचे म्हणणे लेखी मागवा. गाव पहिल्यांदा गोड बोलेल, ‘लई चांगली पोरगी होती’ एवढेच लिहील. वर्षभराने पुन्हा विचारा. तेव्हा खरे कळेल. परतलेल्या मुलाला वर्षभरानंतर हेही विचारा, की त्याने त्याच्या खासदाराला, त्याच्या बँकेला, तो विकत घेतो त्या साखरेच्या पुड्याला एखादा प्रश्न विचारला का. पेरणीला येऊन गेलेल्याने पिकाची चौकशी करायची असते.

पत्राचा शेवटचा मुद्दा मागणीचा आहे, आणि तो संकोच न करता मांडायला हवा. जर्मन सरकारने २००८ मध्ये ‘वेल्टवेर्ट्स’ नावाची स्वयंसेवा योजना सुरू केली. आपल्यापैकी अनेक चर्चसंलग्न संस्था तिच्यातूनच मुले पाठवतात. २०१३ पासून त्या योजनेला दुसरी बाजू जोडली गेली आहे: दक्षिणेकडच्या देशांतले तरुणही जर्मनीत सेवेसाठी जाऊ शकतात. ही बाजू आमच्या भागात कुणाच्या कानावरही नाही. गेवराईची नर्सिंग शिकलेली, ऊसतोड घरातली मुलगी तुमच्याकडच्या वृद्धाश्रमात वर्षभर राहील, तुमचे म्हातारे कसे एकटे पडतात ते बघेल, परत येऊन इथल्या वर्तमानपत्रात लिहील, रमाबाईंनी लिहिले तसे, दोषांसकट. तिच्या व्हिसाला तुमचा दूतावास किती कागद मागतो, हेही आपल्याला त्या निमित्ताने कळेल.

येत्या ऑगस्टसाठी आपण मुलांची निवड करायला बसाल, तेव्हा गेवराईला एक मुलगा पाठवण्याआधी गेवराईहून एक मुलगी बोलवा. तिच्या कागदपत्रांची तयारी इथे करता येईल. आमंत्रणाचे पत्र मात्र आपल्याकडूनच यावे लागते.

आपला,
गेवराईचा एक नागरिक
गेवराई, जि. बीड